मनाच्या डॉक्टरची सोयरीक-चौकशी

फैजपूरच्या तोताराम पाटलांना सगळे तोताराम आबा म्हणत. ज्यांच्या घरात लग्नाचा मुलगा असे, ते जरा दबकून म्हणत. कारण सोयरीक जुळायच्या आधी मुलाच्या गावी जाऊन त्याची माहिती काढून आणावी, तर ती आबांनीच.

त्यांची रीत ठरलेली. मुलाच्या मित्राला विचारायचं नाही. "मित्र गोड सांगतो. ज्याच्या बांधाले बांध आहे, त्याले विचारा," हे त्यांचं सूत्र. मग पिठाच्या गिरणीवर टेकायचं आणि त्या घरून कोणतं धान्य दळायला येतं ते पाहायचं. शेवटी न्हाव्याकडे दाढी. लग्नसराई संपेपर्यंत आबांच्या गालांना कातडी म्हणून उरत नसे.

धाकटी लेक सुरतेला दिली, तेव्हा जावयाची चौकशीही आबांनीच केली. जावयात खोट नव्हती. खोट एवढीच, की लेक गेली, आणि तिच्यामागून बेबाबाईंची झोपही गेली. महिने लोटले तरी डोळ्याला डोळा नाही. भाकरी तव्यावर जळायची आणि बाई तव्याकडे बघत बसायच्या.

मोठा मुलगा गिरधर जळगावला पिंप्राळ्यात राहायचा. तो म्हणाला, "आबा, आमच्याकडे एक मानसतज्ज्ञ आहेत. गोळी नाही, सुई नाही. माणसाचं बोलणं ऐकून घेतात."

"परक्या मानसापुढं मी काय बोलू?" बेबाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

आबांना ते पटलं. म्हैस घेतली तरी माणूस तिचे दात पाहतो. इथं तर घरातलं सारं बोलणं एकापुढं मांडायचं! ते जळगावला गेले. पाटीवर लिहिलं होतं, 'अभिमन पाटील, मानसतज्ज्ञ', आणि खाली नोंदणीचा क्रमांक. क्रमांक टिपून आबांनी गिरधरच्या ओळखीच्या एका कारकुनाला गाठलं.

"या नंबरात त्याचं काय काय लिहेल असतं?"

"नाव, पत्ता, शिक्षण."

"आन सोभाव?"

"स्वभावाचा रकाना नसतो, आबा."

"मग नोंद कशाची केली?"

कारकुनानं चहा मागवला. आडनावावरूनही काही कळेना. खानदेशात पाटील या आडनावावरून एवढंच कळतं, की माणूस खानदेशातला आहे. मात्र तो मूळचा सोनगीरचा, असं समजलं आणि आबांनी धुळ्याची एस.टी. धरली.

सोनगीरला निंबा न्हाव्यानं दाढी करता करता सांगितलं, पोरगा निर्व्यसनी. गिरणीवर कळलं, घर ज्वारी-बाजरीचं, खाऊन-पिऊन सुखी. बांधावरचा हिलाल तर पाटलांच्या नावानं खार खाऊन होता. पण तोही म्हणाला, "बांध कोरस तो त्याना काका. पोर्‍या सोनं शे."

एवढ्यात चौकशीला माणूस आल्याची बातमी घरी पोचली आणि अभिमनची आई झुंबरबाई आबांना हाताला धरून चहाला घेऊन गेल्या. आबांनी सवयीनं आपलं नाव-गाव सांगितलं, शेती विचारली, विहिरीचं पाणी विचारलं. आणि उठताना, तेही सवयीनं, म्हणाले, "बरं, घरी विचारतो, कळवतो."

घात झाला तो इथं. मुलीकडचा माणूस दुसरं काय म्हणतो?

आठवड्याभरात झुंबरबाई पेढ्यांचा पुडा घेऊन फैजपूरला हजर. आबांनी गोठ्यातून त्यांना ओळखलं आणि म्हशीला दुसऱ्यांदा धुवायला घेतलं.

"पोर कोठे शे?" झुंबरबाईंनी विचारलं.

"कोनती पोर?" बेबाबाई म्हणाल्या.

"मना आभिमनले पाह्याले तुमना मालक उनथात ना? ती पोर."

बेबाबाईंनी गोठ्याकडे पाहिलं. म्हशीच्या पोटाआडून आबांचं अर्धं पागोटं दिसत होतं. लेक गेल्यापासून पहिल्यांदा त्या हसल्या. आणि हसल्या त्या अशा, की पदर तोंडात कोंबला तरी थांबेनात.

"हासतस काय?" झुंबरबाई भडकल्या. "येड्यासना डाक्टर म्हनीसन मना पोर्‍याले कोनी पोर दी नै राहिनं! वाटनं, एक तरी इचारत उना!"

बेबाबाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं, खरं काय ते सांगितलं आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढेच फोडला. आबा तोंड पुसत जवळ आले, तर त्यांना चहा ठेवायला पाठवलं. मग आबांना ज्याचा पत्ताही लागला नव्हता ते सगळं बेबाबाईंना फुकटात कळलं. पोरगा अजून विजेला भितो. ढग गडगडले की मनाचा डॉक्टर गोधडीत!

"बाप गया तव्हय हाऊ वरीसभर बोलना नै," झुंबरबाई म्हणाल्या. "मी रोज त्याना जोडे, आंगले आंग लाईसन बठू. इचारू काहीच नै. मंग एक दिन बोलना. आते तो दवाखानाम्हा येनारा बठ्ठासना जोडे तसाच बठस."

बेबाबाईंनी पुड्यातला एक पेढा झुंबरबाईंच्या हातावर ठेवला. मग चहा घेऊन आलेल्या आबांना म्हणाल्या, "मले जळगावले न्या. त्याच्यापुढं बोलता येईन."

जळगावला अभिमनच्या खोलीत आधी आबाच शिरले आणि खुर्चीत बसले.

"आबा, तुम्ही जरा बाहेर बसा," अभिमन नम्रपणे म्हणाला.

"मी नवरा आहे हिचा."

"म्हणूनच."

आबांनी दाराला कान लावून पाहिला. आत फक्त पंखा बोलत होता. ज्यानं अख्खं सोनगीर बोलतं केलं, त्याला एका दाराआडचं अक्षर कळेना.

परतीच्या एस.टी.त त्यांना राहवेना. "काय विचारलं त्यानं?"

"तुमचंच."

"माझं? काय सांगितलं मग तू?"

"घरी विचारते, कळवते," बेबाबाई म्हणाल्या. भुसावळ मागं पडलं तेव्हा त्यांचं डोकं आबांच्या खांद्यावर कलंडलं. आबांना वाटलं, सोंग असेल. त्यांनी वाकून, निरखून चौकशी केली. बेबाबाई चक्क घोरत होत्या.

"फैजपूर! चला, फैजपूर!" कंडक्टर ओरडला.

"बोंबलू नको रे भाऊ," आबा खांदा न हलवता कुजबुजले. "पुढची दोन तिकिटं फाड, सावद्याची."