पास माझा, खुर्ची अण्णांची

“हिला आत बसून काय कळणार हाय? ही बाहेरच बरी.”

दादा असं म्हणाले आणि माझ्या हातातला बोर्डिंग पास घेतला. हिसकावला नाही. मीच पुढं केला. त्यांनी हात पुढं केला की हातात जे असेल ते मी देते. अंगवळणीच पडलंय.

हैदराबादचं विमानतळ. लाउंजचं काचेचं दार. दारापाशी टेबल आणि टेबलामागं एक मुलगी, माझ्याहून बरीच लहान. टेबलासमोर आम्ही चौघं. दादा. त्यांची आई, चाकाच्या खुर्चीत, तिला सगळे अव्वा म्हणतात. खुर्ची ढकलायला मी. आणि उदगीरहून आमच्याच गाडीत आलेले अण्णा. चार माणसं, आणि आत जायचा हक्क तिघांना.

विमानात पुढच्या बाजूला मोठ्या खुर्च्या असतात. त्या वर्गाचं तिकीट असलं की विमान लागेपर्यंत लाउंजमध्ये बसता येतं, खाता येतं, पाय पसरता येतात. दादांनी तशी तीन तिकिटं काढली होती. स्वतःचं, अव्वाचं आणि माझं. माझं काही माझ्यावरच्या मायेनं काढलं नव्हतं. अव्वाला शेजारी माणूस लागतं. ती मधेच कलंडते, तिला भरवावं लागतं, तोंड पुसावं लागतं. अण्णांचं तिकीट मागचं होतं.

टेबलामागची मुलगी म्हणाली, “सर, इनका टिकट पीछे का है. आज अंदर भीड़ है, नहीं होता.”

दादा म्हणाले, “इसके बदले इनको लो. ये हमारी कामवाली है.”

मुलीनं माझ्याकडं बघितलं. “मॅडम, आपको चलेगा?”

मला जन्मात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते असं. मी हसले. म्हटलं, “चलेगा.”

तिनं माझा पास यंत्राखाली धरला. यंत्र वाजलं. अण्णा आत गेले. पास दादांच्या खिशात गेला. चाकाची खुर्ची मीच आत नेली, अव्वाला टेबलाजवळ लावून दिलं, आणि दादांनी मानेनं दाराकडं खुणावलं. मी बाहेर आले.

मी “चलेगा” का म्हटलं ते सांगते.

ते वर्ष लातूरला आगगाडीनं पाणी आणायचं वर्ष. आमचं गाव मुखेडकडं, नांदेड जिल्ह्याच्या पार कडेला. गावाची विहीर माघातच तळाला गेली. टँकर यायचा, पण तो वरच्या गल्लीत रिकामा व्हायचा. आमच्या मांगवाड्यात पाईप पोचेपर्यंत नुसती फसफस. बायका भांडायच्या, घागरी फुटायच्या. दुष्काळ मला नवा नव्हता. असाच पाऊस गेला तेव्हा माय-बाप ऊसतोडीला गेले आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मी सातवीतून शाळा सोडली. पुन्हा गेले नाही. लग्न झालं, नवरा कामाला म्हणून गेला तो तिकडंच राहिला. एक पोरगी पदरात. अशात काही वर्षांपूर्वी उदगीरच्या या घरात अव्वाला बघायचं काम मिळालं. जेवण मिळायचं. पाणी मिळायचं, घरची बोअर होती. माझा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला. त्याचं मला काही वाटायचं नाही. कप तरी आहे असं वाटायचं.

मग या दुष्काळात ती बोअरही गेली. दादा दिल्लीत राहतात, ते म्हणाले, आईला घेऊन जातो, इथं धुणं-पुसणं कसं व्हायचं. मला म्हणाले, “तू चल. नीट राहिलीस तर पोरीलाही बोलवून घेऊ. तिथल्या शाळेत घालू.”

मी त्यांच्या पाया पडले. खोटं नाही सांगत, वाकून पडले. पोरीला मायजवळ ठेवलं आणि म्हटलं, थोडे दिवस गं, मग तू शाळेत जाशील तिथं नळाला रोज पाणी असतंय. त्या एका शब्दावर मी कधी लातूरच्या पुढं न गेलेली बाई दिल्लीला निघाले होते.

गाडीत अण्णा सगळा रस्ता बोलत होते. अण्णा आमच्या भागातलं बडं प्रस्थ. उदगीर वेगळा जिल्हा झाला पाहिजे म्हणून त्यांची धडपड. मुंबईत कुणी ऐकून घेत नाही म्हणून दिल्लीच्या पुढाऱ्यांना भेटायला निघालेले. ते म्हणत होते, गोरगरिबानं कामधंदा टाकून लातूरला किती चकरा माराव्या. साहेब भेटत न्हाई, माणूस उपाशी परत येतोय. दारात ताटकळणं काय असतंय ते आमच्या लोकांना विचारा. ऐकताना मला खरंच बरं वाटत होतं. मला विचारलं, “तुझं गाव कुठलं गं?” मी सांगितलं. हसून म्हणाले, “म्हणजे नांदेडात. कुठं लांब पडलीस. जिल्हा होऊ दे, तुझं गाव आमच्यात घेऊन टाकतो.”

गाव घ्यायच्या आधी खुर्ची घेतली.

विमानतळावर पिशव्या तपासतात तिथं माझी पाण्याची बाटली निघाली. उदगीरहून भरून आणलेली. शिपाई म्हणाला, फेक दो. शेजारी डबा होता, लोक भरलेल्या बाटल्या त्यात टाकत होते. मला टाकवेना. मी तिथंच उभी राहून अख्खी बाटली प्याले. शेवटी शेवटी घशातून जाईना, तरी प्याले. मागं रांग खोळंबली. दादा लांबून बघत होते, ओळख नसल्यासारखे. अण्णा म्हणाले, “दुष्काळ बरोबर घेऊन आलीस का गं?” सगळे हसले. मीही हसले.

लाउंजच्या बाहेर लोखंडी खुर्च्यांची ओळ होती. तिथं मी पिशव्या घेऊन बसले. काचेतून आतलं दिसायचं. लोक ताटल्या घेऊन फिरत होते. एक माणूस पायातले बूट काढून झोपला होता. मला राग आला नव्हता. मी मनात म्हणत होते, विमानात तर बसायला मिळतंय.

थोड्या वेळानं माझा फोन वाजला. दादा.

“आत ये. अव्वाला जायचंय.”

टेबलामागच्या मुलीनं मला अडवलं नाही. तिला कळलं असावं. मी आत गेले. अण्णा माझ्या खुर्चीत, अव्वाच्या शेजारी. पुढ्यात इडल्या, उपीट, कापलेली पपई. मी अव्वाची खुर्ची वळवली तर म्हणाले, “उचल लवकर. माणसं खायलेत.” अव्वाला नेऊन आणलं, टेबलाजवळ लावलं, पदर सारखा केला. उभीच होते. दादांनी पुन्हा मान दाराकडं केली.

बाहेर येऊन बसले. तेव्हा पहिल्यांदा काहीतरी टोचलं. मला आत जायला बंदी नव्हती. आत बसायला होती. पण ते मी मनाला लावून घेतलं नाही. पोरगी डोळ्यांपुढं होती.

दुसरा फोन उशिरा आला. अव्वानं सांगितलं असणार, आणि ते दोघं बोलण्यात असणार. मी गेले तोवर अव्वाचं लुगडं भिजलं होतं. ती मान खाली घालून बसली होती. घाबरली की अव्वा कानडीत बोलते, उदगीरच्या सीमेवरचं माणूस. “याक इंग आयतु,” म्हणत होती. असं का झालं, असं का झालं.

दादा दातांतल्या दातांत म्हणाले, “कुठं मेली होतीस? काहीतरी टाक तिच्या अंगावर. लोकं बघायलेत.”

मी माझ्या अंगावरची शाल तिच्या मांडीवर टाकली आणि कपड्यांची पिशवी घेऊन तिला न्हाणीत नेलं. दार लावलं. तिथं हात पुढं केला की नळ आपोआप वाहतो. गरम पाणी, थांबतच नाही. मी लुगडं सोडलं, तिला कमोडच्या कडेला उभं केलं. म्हटलं, “अव्वा, दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवा.”

तिनं एकच ठेवला.

दुसऱ्या हातात गळ्यातलं लिंग. लिंगायत घालतात तसं, चांदीच्या डबीतलं, दोऱ्यात बांधलेलं. मी अंघोळ घालते, अंग पुसते, तेव्हा अव्वा रोज ती डबी मुठीत धरून वर उचलते. माझा हात लागू नये म्हणून. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की दिसतही नव्हतं. त्या दिवशी फरशी ओली होती. तिचा पाय सरकला. मी तिला काखेत धरलं, तिचा सगळा भार माझ्यावर आला, माझी पाठ भिंतीवर आदळली. म्हटलं, “अव्वा, सोडा ते. धरा मला. पडाल.”

अव्वानं मूठ आणखी वर नेली.

पडली असती. हाड मोडलं असतं. तिला ते चाललं असतं. माझं बोट त्या डबीला लागलेलं चाललं नसतं.

मी तिला धुतलं. पुसलं. कोरडं लुगडं नेसवलं. ओलं पिळून पिशवीत घातलं. पण आत काहीतरी थकलं. राग म्हणावा तर रागाला जोर लागतो, तेवढा माझ्यात नव्हता. आता आणखी हसणं जमणार नाही, एवढंच कळलं.

बाहेर आलो. अव्वाला टेबलाजवळ लावलं. अण्णा हात धुवायला उठले होते. खुर्ची रिकामी होती. मी बसले.

दादांनी आधी बघितलं नाही. मग बघितलं.

“काय गं?”

“बसले.”

“अण्णा येतील आता. ऊठ.”

“माझा पास आहे दादा. मी इथंच बसते.”

“तिकीट कुणी काढलं?”

“तुम्ही काढलं. नाव माझं हाय.”

आवाज माझाच होता, पण बारीक, कापरा. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. दादा पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, “पोरीला आणायचंय ना दिल्लीला?”

त्यांना नेमकं कुठं बोट ठेवायचं ते ठाऊक होतं. मी उठणार होते. खरंच उठणार होते. पाय गोळा केले होते. तेवढ्यात अव्वा बोलली. मी जिला आत्ताच धुऊन आणलं होतं ती अव्वा.

“ऊठ गं. अण्णाला बसू दे. मोठं माणूस हाय.”

मग मी उठले नाही.

अण्णा आले, उभे राहिले. टेबलामागची मुलगी काय झालं म्हणून आली. दादा इंग्रजीत काहीतरी बोलले. तिनं पास मागितला. दादांनी खिशातून काढून दिला. तिनं वाचलं, मला माझं नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं. आडनाव ऐकल्यावर अण्णांनी दादांकडं बघितलं. त्या बघण्याची मला ओळख आहे.

मुलगी म्हणाली, “पास तो इनका ही है सर. ये बैठना बोले तो मैं नहीं उठा सकती.”

अण्णांनी पिशवी उचलली. “असू द्या दादा. बाईमाणसाशी काय तोंड लागायचं. दुष्काळानं सगळं वाळलं, पण ह्या लोकांची मस्ती न्हाई वाळली.”

आणि बाहेर गेले. लोखंडी खुर्च्यांकडं.

मला जिंकल्यासारखं वाटलं असं कुणी समजू नये. मी भेदरले होते. अव्वाला इडली कुस्करून भरवली. तिनं खाल्ली. मग मी उठून स्वतःसाठी ताटली आणली. चव कळली नाही, पण संपवली. विमानात ढग पायाखाली होते म्हणतात. मी बघितले नाहीत.

दिल्लीत पोचल्यावर दादा म्हणाले, “पोरीचं आता विसर.”

विसरायचं कसं ते त्यांनी सांगितलं नाही. पोरगी अजून मायजवळ आहे. फोनवर विचारते, कधी न्यायला येतीस. मी सांगते, मीच येईन. त्या खुर्चीची किंमत तिनं दिली, हे मला माहीत आहे. रोज माहीत असतं.

मला काढूनही टाकणार होते. दोन बाया आणून बघितल्या. एक अव्वाचं अंग बघूनच गेली. दुसरी दांडगी होती, पण अव्वा घाबरून “नीरु, नीरु” करायला लागली की तिला कळेना, म्हातारी पाणी मागते आहे. मला बोलावून कुणी ‘राहा’ म्हटलं नाही. नुसतं काढायचं बोलणं बंद झालं. तेव्हा समजलं. मी इतकी वर्षं ज्याला त्यांचे उपकार म्हणत होते, त्यात त्यांची गरजही तेवढीच होती. ती मला कुणी दाखवली नाही. मीही बघितली नाही.

अव्वाच्या मुठीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. ती रोज धरते. मी रोज धुते. ते भांडण एका न्हाणीत मिटण्यातलं नाही.

आता पाऊस झालाय. अव्वाला उदगीरला न्यायचं चाललंय. दादा परवा म्हणाले, “ह्या वेळी तुझं मागचं तिकीट काढतो. लाउंजचा प्रश्नच मिटला. आम्ही आत बसू, लागलं तर तुला फोन करू.”

मी भांडी घासत होते. हात पुसले. त्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “मागचं काढा. मी मागं बसेन, मला काही अडचण न्हाई. पण मग मला आत बोलवायचं न्हाई. अव्वाला जायचं असलं तरी न्हाई. लुगडं भिजलं तरी न्हाई. तुम्ही लेक आहात, तुम्ही धुवा. मी फोन बंद ठेवीन.”

नीट ऐकू आलं नसल्यासारखं दादांनी विचारलं, “काय म्हणालीस?”

मी पुन्हा सांगितलं, सावकाश. या वेळी आवाज कापला नाही.