अंजनीबाईंचं धुणं

कांचघर मोहल्ल्यातल्या अंजनीबाई ढोबळे फौजेच्या कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरतात. टीएनटी मेणासारखं वितळवायचं, गोळ्याच्या पोटात ओतायचं, निवू द्यायचं. नवरा गणपत हेच करत होता. एके दिवशी स्फोट झाला आणि तो गेला. त्याच्या जागी घरातल्या एकालाच नोकरी मिळणार होती. गणपतचे थोरले भाऊ, भासरे रामराव म्हणाले, तुमच्या यशला लावा, पोरगा मार्गी लागेल. अंजनीबाईंनी स्वतःचं नाव दिलं. पोरगा या दारूपासून लांब राहावा, एवढं एकच त्यांना हवं होतं. बाकीचं हवं-नको गणपतबरोबरच संपलं. लोक म्हणाले, बाई धीराची. कसला धीर अन् कसलं काय. रडूच येत नव्हतं, तर बाई करणार काय?

या कामानं हात पिवळे पडतात, घामही पिवळा येतो. साबण लागला की तो पिवळेपणा लाल होतो. त्यांच्या धुण्याचं पाणी नेहमीच लाल.

यश पाटनकडच्या एका गोदामात कामाला होता, निदान घरी तरी तसंच सांगितलं होतं. एका रविवारी त्याचं बनियन वेगळं धुतलं, तर पाणी लाल. हळदही साबणानं लाल होते, म्हणून आधी हळदीवर ढकलून पाहिलं. पण काखेत हळद कुठून येणार?

विचारल्यावर यशनं आढेवेढे घेतले नाहीत. गोदाम नव्हतंच, खाजगी कारखाना होता. खाणीतल्या सुरुंगांसाठी नळकांड्यांत टीएनटी ओतायचं काम.

"फौज का माल नहीं है, आई. दगड फोडायसाठी असते. काहून घाबरून राहिली?"

अंजनीबाई घाबरल्या नव्हत्या. त्यांनी मनात चाचपून पाहिलं. भीती नाही, रागही नाही. आपल्याला काहीच कसं होत नाही, याचं तेवढं वाईट वाटलं.

"आंघोळ गरम पाण्यानं करतोस?"

"हो."

"करू नको. अंगात मुरते. आधी थंड पाणी, मग साबण. लाली जाईस्तोवर धुवायचं."

आई रागावली नाही म्हणून यशला हायसं वाटलं. त्या सांगत राहिल्या. नखं बारीक ठेव, डबा बाहेर येऊन खा, कामाचे कपडे घरी आणू नको. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात ते सगळं, काही न विसरता, त्यांनी पोराला सांगितलं. जाऊ नको, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.