रविवारची तुळस

लिंबायतच्या आमच्या घराला अंगण नाही. जिना आहे, आणि जिन्याच्या वळणावर रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस आहे. सासूने तिचं रोप धुळ्याकडच्या गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून, गाडीत मांडीवर धरून आणलं होतं. नवरा तिला माय म्हणायचा म्हणून मीही मायच म्हणायचे. देवाच्या पानाफुलांच्या बाबतीत माय भारी कडक. गणपतीला तुळस नाही, महादेवाला केवडा नाही, बेल सोमवारी तोडायचा नाही आणि रविवारी तुळशीला हात लावायचा नाही. शेजारच्या लूमच्या खात्यातून, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातून, उडालेला सुताचा भुसा तुळशीवर बसायचा. रविवार सोडून रोज सकाळी ती एकेक पान धरून तो पुसायची. माझ्या पोरीचं नाकही तिने इतक्या मायेने कधी पुसलं नाही.

पोरगी चार वर्षांची असताना एकदा खोकून खोकून बेजार झाली. काढ्यासाठी मी जिन्यात जाऊन पाच पानं खुडली. मायने मागून येऊन माझ्या हातावर चापटी मारली. पानं पायरीवर पडली.

"आज रविवार शे. तुले कितला दाव सांगेल शे?"

खालच्या मजल्यावरच्या दोघी बायका बघत होत्या. मी आत आले आणि नुसत्या आल्याचा काढा केला. ती चापटी मात्र विसरले नाही.

रविवारच्या नैवेद्यालाही तुळशीचं पान लागतंच. म्हणून माय शनिवारी दिवस मावळायच्या आत चार पानं खुडून तांब्याच्या वाटीत, पाण्यात ठेवायची. मागच्या वर्षी तिची उजवी बाजू गेली आणि ती वाटी माझ्याकडे आली. माझ्याकडे काय काय आलं ते सांगत बसत नाही. तिचं अंथरूण, तिचं जेवण, तिचं सगळं. जीभ जड झाली होती, पण एक वाक्य तिला नीट बोलता यायचं. "मना तोंडमा तुळसनं पान ठेवजो." दिवसातून दहादा. तिचा नवरा हजीऱ्याला ठेक्याच्या कामावर असताना तिथेच गेला होता. घरचं कुणी जवळ नव्हतं, तोंडात ना पाणी पडलं ना पान. तिला मरणाची भीती नव्हती, तसं जाण्याची होती. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी दहाव्या वेळी मी चिडून म्हणायचे, "हो माय, ठेवेन, सगळी तुळस ठेवेन."

त्या शनिवारी साड्यांना टिकल्या लावायचं काम अंगावर आलं होतं. संध्याकाळी वाटी रिकामी दिसली. विसरले असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं आहे. दिसली, आणि उठायचा कंटाळा आला.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मायचा श्वास बदलला. नवरा लूमच्या खात्यात कामावर होता. त्याला फोन केला. पोरीला खालच्या बाईकडे धाडलं. गंगाजलाचे दोन थेंब मायच्या तोंडात घातले. तिने ते गिळले आणि तोंड तसंच उघडं ठेवलं. माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं ती कशाची वाट बघते आहे.

मी जिन्यात गेले. हात पुढे केला, आणि वाटलं, आज रविवार. डब्यातल्या मातीत गळालेलं पान शोधलं, गळालेलं चालतं. पण आदल्याच दिवशी सकाळी मी माती साफ केली होती. मी तिथे उभी राहिले. किती वेळ, खरंच सांगता येत नाही. आतून घरघर ऐकू येत होती. मग येईना.

नवरा धावत वर आला. "काय देखी ऱ्हायनी?" असं ओरडत त्याने तुळशीची फांदीच मोडली आणि आत गेला. त्याला वार-बीर काही माहीत नव्हतं. मी आत गेले तेव्हा तो पान तिच्या ओठांवर ठेवत होता. ते आत जाईना. घसरून गालावर पडलं, त्याने पुन्हा ठेवलं.

दहाव्या-तेराव्याला आलेल्या बायकांना मी सांगत राहिले, रविवार होता हो, तिचाच नियम, मोडणार कसा? सगळ्यांनी मान डोलावली. एक म्हणाली, सून असावी तर अशी. त्या शब्दावर मी पुढचे दिवस काढले.

तेरावं झाल्यावर महिनाभराने पोरगी शाळेचं गुजराती बोलत कण्हत उठली. "मम्मी, गळामा दुखे छे." अंग कोमट लागलं. मी गॅसवर पाणी ठेवलं, जिन्यात गेले, पाच पानं खुडली, भुसा फुंकून टाकला आणि पाण्यात टाकली. पाणी हिरवट झालं, वास सुटला. तेव्हा लक्षात आलं, आज पोरीला शाळा नाही. आज रविवार आहे.

पानं तोडताना माझा हात अडला नव्हता. जरासुद्धा नाही. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. पोरगी आतून हाक मारत होती.