नानांचं दहावं आणि सुनेचा दवाखाना

स्वतःला फार शहाणी समजणाऱ्या बाईची फजिती ऐकायची आहे ना? मग चहा ओता आणि ऐका. पण मध्ये हसलात तर उठून जाईन!

माझी सून वैशाली फिजिओथेरपीची डॉक्टर. म्हणजे गोळी नाही, इंजेक्शन नाही. आखडलेले गुडघे, कंबर, खांदे हलते करायचे. पेणला दवाखाना थाटला. दोन खाटा, एक पंखा, आणि पेशंट? पंख्याखाली झोपायला येणारं मांजर! "दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर कुलूप लावते," म्हणाली बिचारी.

मग कोणीतरी तिच्या कानात फुंकलं, नेटवर्किंग करा! रोह्याला दर बुधवारी धंदेवाले जमतात. मीही गेले बघायला. काय तो सोहळा! एकेकाने उठायचं, एक मिनिट स्वतःचीच आरती ओवाळायची आणि कार्डं वाटायची. फरशीवाला विमावाल्याला कार्ड देतोय, विमावाला केटररला. सगळे विकणारे, घेणारा एक नाही! दुखरा गुडघा तर औषधालासुद्धा नाही.

"ह्याला नेटवर्किंग म्हणतात?" परतीच्या एसटीत मी म्हटलं. "माणसं कुठे जमतात ते मला विचार. शाळेची पायरी चढले नाही मी, वाण्याच्या पुड्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले. मला कोणी शिकवू नये!"

"आई, तुम्ही काही म्हणजे काही करू नका हं."

असं म्हटल्यावर मी गप्प बसणार?

त्याच सुमारास आमच्या लांबच्या नात्यातले रोह्याचे नाना वारले. पिकलं पान, झोपेत गेले. दहाव्याला कुंडलिकेच्या घाटावर ही गर्दी! आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? कावळा शिवला की माईक सुरू, भाषणावर भाषण. आणि समोर बसलेले कोण? उठताना एकमेकांच्या खांद्याला धरणारे म्हातारे. गुडघेच गुडघे!

बायका मागे बसल्या होत्या. मी सरळ पुढे जाऊन माईक धरला.

आता दहाव्याला बोलायचं तर नानांचा आणि दवाखान्याचा संबंध जोडायला नको? जोडला! "नानांना पाऊल टाकवत नव्हतं. पेणला माझ्या सुनेच्या दवाखान्यात आले आणि आपल्या पायांनी चालत घरी गेले!"

नाना त्या दवाखान्याच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते.

"कधी गो आलेले नाना?" पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

उदाहरण ताजं असलं की लोकांना पटतं, हा माझा हिशोब. म्हटलं, "अहो, वारले त्याच्या आदल्याच दिवशी!"

घाटावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

नानांचा थोरला मुलगा उठला. डोलवीला कंपनीत असतो, सदा शिफ्टवर. धाकट्यावर धावला, "मला न इचारता बाबांना पेणला नेलास?"

"मी नाय नेला! तूच नेला असशील!"

"चांगला चालता-बोलता माणूस व्हता," मागून कोणीतरी, "हातपाय ओढून खलास केला!"

"अहो, नाना आलेच नव्हते!" मी किंचाळले.

"बघा, बघा, म्हातारी कशी पलटली!"

माझी एसटी पेणला पोचायच्या आत बातमी पोचली होती. वैशाली दारातच उभी. "आई, मी कोणाला मारलं?"

दुसऱ्या दिवसापासून मांजरसुद्धा येईना.

आता खुलासा करायचा कुठे? अख्ख्या रोह्यात बातमी फिरवणारी तोंडं एका जागी मिळतात ती बुधवारीच! नाक मुठीत धरून त्याच धंदेवाल्यांपुढे उभी राहिले. "माझ्या सुनेने कोणालाही मारलेलं नाही. नाना तिच्याकडे कधी आलेच नव्हते. खोटं बोलले ती मी." टाळ्या पडल्या. मेल्यांना कशालाही टाळ्या वाजवायची सवयच!

सभा सुटल्यावर तो केटरर हात जोडून आला. कार्ड पुढे केलं आणि हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही कायपन सांगा. आपन दहावा, तेरावा, दोन्हीची जेवनं करतो. तुमच्याकडं पेशंट आला, का मला एक फोन टाकायचा."

पुढे हळूहळू दुखरे गुडघे येऊ लागले. दवाखान्याला कुलूप लागलं नाही, ते मी घरी गप्प बसले म्हणून. ते कार्ड मात्र वैशालीने जपून ठेवलंय. मी कुठे माईककडे बघितलं, की पर्समधून काढून दाखवते.