आजीने आम्हाला विचारले होते

पंचाहत्तर सालच्या मार्चमधली दुपार होती. नागपूर स्टेशनावर मुंबईची गाडी लागली होती. मुंबईहून विमानाने मला बर्मिंगहॅमला जायचे होते, तिथल्या इस्पितळात नर्स म्हणून. पोहोचवायला एकटी आजी आली होती. माझी ट्रंक बाकाखाली नीट गेली का, ते तिने वाकून पाहिले आणि गाडी हलायच्या आतच ती उतरली.

"पत्र टाकजो वं सुशे. मले आता मार्केटात जा लागते, माल आला असन."

ती संत्र्यांच्या बाजारात निवडणीला जायची. डागी फळे काढायची, उरलेली टोपल्यांत पेंढा घालून भरायची. त्या दिवशी तिने मागे वळून पाहिले नाही. मला ते लागले. तिकडे पहिल्या थंडीत, वॉर्डातली शिफ्ट संपवून खोलीत रेडिएटरपाशी हात शेकताना, ती पाठ पुष्कळदा आठवायची.

ती आईची आई. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मधू चार वर्षांचा. बाबा रेल्वेत, इटारसीला. आजीने आम्हा दोघांना नागपुरात, इंदोरा वस्तीतल्या आपल्या खोलीत आणले. पहाटे उठून भाकरी थापायची, मला शाळेत सोडायची आणि मधूला कडेवर घेऊन बाजारात जायची. दीक्षा घेतल्यापासून भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्यासमोर बसवून ती माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची. तिला स्वतःला येत नव्हते, पण मी अडखळले की तिला बरोबर कळायचे.

वर्षभरात बाबांनी दुसरे लग्न केले आणि ते आम्हाला न्यायला आले. शेजारच्या बायांनी आजीला बजावले होते, पोरं देऊ नको. आजीने आम्हाला जवळ बसवले.

"बापासंग जाता, का इथं रायता? जे मनात असन ते सांगा."

मी म्हटले, इथेच. मधूला बाबांनी इंजिन दाखवायचे कबूल केले होते. तो म्हणाला, "इंजिनाकडं."

आजीने त्याचे कपडे धुऊन वाळवले, बोचके बांधले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

"काहून जाऊ देलं त्याले?" मी रडत विचारले.

"बाप हाय त्याचा. अन् मी विचारलं होतं ना. विचारलं त मंग ऐका लागते."

तीन महिन्यांनी आम्ही इटारसीला गेलो. मधू नव्या आईच्या पदराआड उभा राहिला. त्याच्या डोक्याला तेल होते, अंगावर स्वेटर होता. आजीने ते सगळे निरखून पाहिले आणि त्या बाईला एवढेच सांगितले, "याले कानाले लवकर थंडी लागते." पुढे मधू दर उन्हाळ्यात यायचा. पहिले दोन दिवस तो पाहुण्यासारखा वागायचा, आणि जायच्या दिवसापर्यंत आमचा झालेला असायचा.

मी मोठी झाले, शिकले, आणि राहते म्हणणारी मीच देश सोडून गेले. मधू रेल्वेत लागला, त्याने नागपूर मागून घेतले आणि आजीला आपल्याजवळ नेले. तिची पत्रे त्याच्या अक्षरात यायची. 'मी बरी आहे. जेवत जा.' चौऱ्याऐंशीत ती गेली. तार हाती आली तोवर सगळे आटोपले होते. मी हिवाळ्यात पोहोचले.

मधूचे घर प्रताप नगरात. पहिल्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी म्हणाले, आजी एवढी मोठ्या मनाची, लेकरांनासुद्धा विचारायची. परदेशात मैत्रिणींना मी ही गोष्ट अभिमानाने सांगत आले होते.



"मी तिच्यावर रागावलो होतो, ताई. एकदा बोलून बी गेलो."

"मग?"

"म्हणे, चूक माहीच होती. चार वर्साच्या लेकराले असं विचारत नसतात. मीनंच ठरवाले पायजे होतं. पण तुही माय गेली तवापासून मले ठरवाचं भेव वाटे."

मला यातले काहीच ठाऊक नव्हते. माझ्या पत्रांना तिने कधी असे उत्तर दिले नव्हते, आणि मीही तसे काही विचारले नव्हते. मधूने मात्र विचारले आणि त्याला ते मिळाले. त्याचा हेवा वाटला, हे इथे लिहून टाकते. माझ्यासारखे निघून आलेले जे कोणी आहेत, त्यांना हा हेवा ओळखीचा असेल.

मधूची बायको मला चांगल्या कपात चहा द्यायची, कामाला हात लावू देत नव्हती. चौथ्या सकाळी मी पेपर चाळत बसले होते. ती न्हाणीतून ओरडली, "ताई, बसून काय राहिल्या? दूध उतू जाऊन राहिलं ना!"

मी पेपर टाकून धावले. थोडे सांडलेच. मी फडके शोधून ओटा पुसला आणि चहा ठेवला, तिघांचा.