सुनंदाच्या बोटावरचा डाग

आज पोरींच्या प्रॅक्टिकलसाठी परमँगनेटचं द्रावण करताना माझं बोट तपकिरी झालं, आणि आदिलाबादच्या कॉलेजातली माझी मैत्रीण सुनंदा आठवली.

बारावीचं टायट्रेशन होतं. ब्युरेटमधला शेवटचा जांभळा थेंब पडला, फ्लास्कमधलं द्रावण गुलाबी झालं आणि गुलाबीच राहिलं. सुनंदाच्या बोटावर डाग पडला होता. दुसऱ्या दिवशी तिची हळद होती, शिक्षण तिथंच थांबणार होतं. डाग घालवायला मी ऑक्झॅलिक ॲसिड पुढे केलं.

"राहू दे वं," ती म्हणाली. "कालेजातून एवढंच तं घेऊन जाऊन राह्यली मी."

तेव्हा मी हसले होते.

हळदीला तिच्या मामीनं त्या बोटावर लिंबाची फोड घासली. डाग लगेच गेला. बायका गात होत्या, आणि सुनंदा आपल्या स्वच्छ बोटाकडे बघत बसली होती.