चोरलेला अनंत

वलगावच्या माहेरच्या अंगणातलं अनंताचं झाड जाणार, हे फोनवर कळलं आणि मी भावावर चिडले. तो बिचारा त्या जागेवर आईसाठीच खोली बांधणार होता. तिचे गुडघे गेलेत, बाथरूम जवळ हवं. पण आमच्या काळ्या मातीत अनंत लवकर पिवळा पडतो. आईनं मुळाशी आंबट ताक ओतून ओतून तो इतकी वर्षं हिरवागार ठेवला होता. "जाऊ दे," एवढंच ती म्हणाली. तिचं "जाऊ दे" मला चांगलं ओळखू येतं.

मी दोनदा तिच्याकडून फांद्या मागून आणल्या, राजापेठेतल्या माझ्या गॅलरीत लावल्या. दोन्हीदा वाळल्या.

"मी हातानं देऊन राह्यलो, म्हणून लागून नाई राह्यल्या," आई म्हणाली. "चोरलेलं झाड लागते. मी आत जातो. तू चोर."

आमच्याकडे हे सगळेच मानतात. मी मात्र या खेपेला गुटी बांधायचं ठरवलं. फांदी झाडावरच ठेवून बोटभर साल काढायची, तिथं ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं, आणि मुळं फुटायची वाट बघायची. आषाढ होता, हवा ओली होती. मी बांधत होते तोवर आई आत मुद्दाम भांडी वाजवत बसली. दोन महिने चालणारी चोरी मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

भावानं तोवर खोलीचं काम थांबवलं. मी दर दोन दिवसांनी आईला फोन करायची. "मुळं दिसतात का गं?"

"कायची मुळं? मले काई दिसून नाई राह्यलं."

मग एका सकाळी तिचाच फोन आला. "चक्कर मार इकडे. येतानी कात्री आणजो."

प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसत होती. मी गुटीच्या खालून फांदी कापली, कुंडीत लावली. आईनं तिच्या पानांवरून हात फिरवला आणि भावाला म्हणाली, "आता तोड."

मला वाटलं, ती आत जाईल. ती गेली नाही. दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहून तिनं अख्खं झाड पडताना पाहिलं. रडले मी.

"रडून काय राह्यली?" ती म्हणाली. "घरी ने त्याले बिगीबिगी. ऊन लागन."